लाल झाकणाची बाटली

आमच्या व्याह्यांचा बीअरचा कारखाना आहे, हे वाक्य मी आमच्या इमारतीत बरीच वर्षं कुणासमोर पूर्ण उच्चारलेलं नव्हतं. "त्यांचा पेयांचा व्यवसाय आहे," एवढंच मी सांगायचो आणि ऐकणारा मनातल्या मनात सरबताच्या बाटल्या मांडून मोकळा व्हायचा. यात खोटं काही नाही. शिवाय मी 'कोपऱ्यावरचं बीअरचं दुकान हटवा' समितीचा अध्यक्ष आहे, आणि अध्यक्षाच्या मुलीचं सासर काय विकतं ही चौकशी समितीच्या कामकाजात बसत नाही. पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे लोक जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतो. स्वतः मी थेंबाला शिवत नाही. तत्त्व वगैरे आपण सभेत सांगतो, पण खरं कारण म्हणजे मला कडू चव सहन होत नाही. कारल्याचं नाव काढलं तरी माझं तोंड वाकडं होतं.

बीअरच्या जगात हल्ली ऋतू आले आहेत. पूर्वी बीअर एकाच प्रकारची असायची आणि ती पिणारेही. आता गावोगावी छोटे कारखाने निघालेत आणि दर ऋतूला प्रत्येकाला काहीतरी नवं काढावंच लागतं. उन्हाळ्यात फळांची, थंडीत काळीकुट्ट, पानगळीला भाजलेल्या धान्याची. एकाने बिटाची काढली की शेजारच्या गावातला ईर्षेने कॉफीची काढतो. एकाने तर म्हणे झाडाची साल घातली, आणि ती पिऊन शिकलेसवरलेले लोक डोळे मिटून 'जंगलात आल्यासारखं वाटतं' असं म्हणतात. जंगलात चालत जाता येतं हे त्यांना कुणी सांगत नसावं. मग सगळे कारखाने मिळून एक मेळावा भरवतात, दुकानदार आणि हॉटेलवाले तिथे येऊन घोट घोट चाखतात आणि कुणाचा माल उचलायचा ते ठरवतात.

तर अशा एका पानगळीच्या मेळाव्याआधी व्याह्यांचा फोन आला. आमची मुलगी अन्नप्रक्रियेचं शिकलेली, आणि लग्नानंतर ती सासऱ्यांच्याच कारखान्यात कामाला लागली. कारखाना दोघा भावांचा. आमचे व्याही बीअर बनवतात आणि त्यांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे नुसतं 'थोरले' म्हणतात, ते बाकी सगळं ठरवतात. थोरल्यांना डॉक्टरांनी बीअर कायमची बंद केली आहे. त्यामुळे स्वतःच्या मालाबद्दल त्यांचं मत नेहमी दुसऱ्याच्या जिभेवरून आलेलं असतं, आणि म्हणूनच ते अतिशय ठाम असतं.

"व्याहीबुवा, दोन बाटल्या पाठवतोय," व्याही म्हणाले. "एक मी केलीय, एक सूनबाईने. कुठली कुणाची ते सांगणार नाही. एकाला लाल झाकण आहे, एकाला निळं. मेळाव्याला एकच जाणार. ती तुम्ही निवडायची."

मी का, असं विचारल्यावर ते म्हणाले, की घरातल्या कुणाचं मत थोरल्यांना चालत नाही आणि बाहेरचे सगळे तोंडावर गोड बोलतात. माझ्यासारखा सरळ माणूस त्यांच्या माहितीत दुसरा नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की मुलीची बीअर निवडली गेली तर पुढच्या ऋतूपासून काय बनवायचं ते ती ठरवेल, तसा शब्द थोरल्यांनी दिलाय. नाही निवडली गेली, तर थोरले तिला लेबलं चिकटवायला बसवणार आहेत. 'सुनेने भट्टीत लुडबुड कशाला करायची' हे त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासूनच होतं.

ही फोनवर कान लावून होती. ती म्हणाली, "सोपं आहे. दोन्ही चाखा आणि आवडेल ती सांगा." माझ्या बायकोला संसाराची जाण आहे, पण व्याह्यांच्या नात्यातल्या खाचाखोचा तिला कळत नाहीत. मुलीच्या सासरहून आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. लग्नात त्यांनी दिलेलं घड्याळ मनाला येईल तेव्हा टोले देतं, पण आम्ही ते दिवाणखान्यात लावलंय आणि व्याही घरी आले की त्याचं कौतुकही करतो. मग त्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या बीअरला मी, मुलीचा बाप, डावं ठरवणार? उद्या मुलीला त्या घरात राहायचंय. सुनेच्या बापाने सासऱ्याला पाडलं, ही गोष्ट त्या घरात किती वर्षं चघळली जाईल याचा हिशेब ज्याला येतो तोच खरा बाप. मी तिथल्या तिथे ठरवलं, की कुठली बीअर चांगली हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की व्याह्यांची कुठली. मुलीला काही दिवस लेबलं चिकटवावी लागली तर लागली, घरात मान राहील.

थोरल्यांना सगळं कायद्याने लागतं, म्हणून बाटल्या रीतसर पार्सलने आल्या आणि रीतसर मद्य परवाना कार्यालयात अडकल्या. घेणाऱ्याकडे परवाना हवा, असं तिथून कळवण्यात आलं. मी रजा टाकून गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, किती वर्षांपासून पिता? मी ताठ मानेने सांगितलं, की पीत नाही. तो म्हणाला, मग परवाना मिळणार नाही, न पिणाऱ्याला तो देऊन सरकारचा काय उपयोग. मी म्हटलं, मला फक्त परीक्षण करायचंय. त्याने कारणांची यादी दाखवली. त्यात स्वतःसाठी, औषधासाठी आणि समारंभासाठी एवढंच होतं. परीक्षण हे कारण सरकारला अजून सुचलेलं नव्हतं.

शेवटी मी 'स्वतःसाठी' वर खूण केली. खूण करताना हात थरथरला, त्यावर कारकून सहानुभूतीने म्हणाला, की सवय असली की असं होतं. मग तो माझ्या तोंडाकडे निरखून बघू लागला. याच कार्यालयात दर महिन्याला दुकान हटवण्याचं निवेदन घेऊन मीच येतो हे त्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. त्याने आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी दुसऱ्या टेबलावरच्या लोकांना बोलावलं. सगळ्यांनी माझा अर्ज आणि माझी निवेदनं शेजारी शेजारी ठेवून सही जुळते का ते पाहिलं आणि ती जुळल्यावर त्यांना फार आनंद झाला. साहेबांनी मला खुर्ची दिली. ते म्हणाले, अशी मोकळ्या मनाची माणसं हल्ली दिसत नाहीत. परवान्यावर माझा फोटो लागला आणि त्याखाली 'मद्यसेवनास पात्र' असा शिक्का बसला. आयुष्यात सरकारने मला दिलेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

बाटल्या पिशवीत घालून, वर भाजी रचून मी घरी आणल्या. पण आमच्या इमारतीत पिशवीचा आकार बघून आतली वस्तू ओळखणारे लोक आहेत. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोलीस जिन्यातच म्हणाले, की काचेचा आवाज येतोय. त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी त्यांना विश्वासात घेतलं. ते विश्वासातून तळमजल्यावरच्या प्राध्यापकांना घेऊन आले. प्राध्यापक एकदा परदेशात परिषदेला गेले होते, आणि तेव्हापासून कुठलंही पेय ते आधी नाकाने पितात.

माझ्या दिवाणखान्यात तपास सुरू झाला. निवृत्त पोलिसांचं म्हणणं, की मालक माणूस लाल रंग घेतो, त्याला अधिकार दाखवायचा असतो. प्राध्यापक म्हणाले, हे शास्त्रीय नाही. मग त्यांनी दोन्ही बाटल्या बाहेरून हुंगल्या आणि लालच्या बाजूने झुकले. मला मात्र दोघांचीही गरज नव्हती. मुलीला लहानपणापासून निळा रंग प्रिय. निळं दप्तर, निळी छत्री, लग्नातसुद्धा साडी निळीच हवी म्हणून रुसून बसली होती. झाकण निवडायची वेळ आल्यावर तिचा हात कुठे जाईल हे बापाला कळत नसेल तर कुणाला कळेल? निळी मुलीची, लाल व्याह्यांची. मी निकाल लावला आणि खुर्चीत मागे टेकलो. दावे विभागात इतक्या वर्षांत माझा अंदाज चुकलेला नाही.

आता चवीचं वर्णन हवं होतं. ते मला येणं शक्य नव्हतं, म्हणून प्राध्यापकांना लाल बाटली उघडून दिली आणि आधीच सांगून टाकलं, की निवडायची ती हीच. त्यांनी घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं, की मला वाटलं त्यांना दवाखान्यात न्यावं लागणार. पण विद्वान माणूस. त्यांनी गिळलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "ओल्या मातीची आठवण आहे. जुन्या लाकडाचा आधार. आणि धाडस." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तोवर निवृत्त पोलिसांनी निळी बाटली एकट्याने संपवली होती. त्यांनी मत काही दिलं नाही, फक्त आणखी एक आहे का एवढं विचारलं. सगळं बघत उभी असलेली ही म्हणाली, "अहो, या दोघांच्या तोंडाकडे बघून तरी ठरवा." मी तिला म्हटलं, की यातलं तुला कळत नाही. ती आत निघून गेली आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली.

मी व्याह्यांना कळवलं: लाल, निःसंशय लाल, आणि पुढे प्राध्यापकांचं वर्णन स्वतःचं म्हणून. पलीकडून व्याह्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, सरळ माणूस दोनदा विचार करत नाही. ते हळूच "बरं" म्हणाले. भारावले असणार, असं मी हिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्हाला खरंच लाल आवडली?" तिने विचारलं. तिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. आजूबाजूला सासरचं कुणीतरी ऐकत असेल, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, की हो, आणि निळीत काही दम नव्हता. ती म्हणाली, "थोडंसुद्धा काही चांगलं नव्हतं तिच्यात?" मी म्हटलं, काहीही नाही. ती ठेवते म्हणाली. पोरगी समजूतदार आहे, सासऱ्यांची बाजू कशी घ्यावी हे तिला न सांगता कळलं, असं मला त्या वेळी वाटलं होतं. इतका मूर्ख माणूस दाव्यांवर बसवल्याबद्दल कंपनीची चौकशी व्हायला हवी.

मेळाव्याचं आमंत्रण आलं. हिला घेऊन गुपचूप जाऊन यायचं मी ठरवलं होतं, पण प्राध्यापकांनी समितीच्या बाकीच्या सभासदांना सोबत घेतलं. बीअरच्या मेळाव्याची पाहणी करून निषेधाचा ठराव करायचा, असं ठरलं म्हणे. पाहणीसाठी एवढा उत्साह मी समितीत पूर्वी पाहिला नव्हता. मोठ्या शेडमध्ये रांगेने कारखान्यांच्या टपऱ्या लागल्या होत्या. प्रत्येक टपरीसमोर माणसं पेला उजेडासमोर धरून, गोल फिरवून, त्यात नाक घालून उभी होती. झाडाच्या सालीवाल्याकडे सर्वांत जास्त गर्दी होती आणि तिथून परतणारे सगळे गंभीर दिसत होते.

व्याह्यांच्या टपरीवर मी पोचलो तर वर माझाच चेहरा. लग्नाच्या अल्बममधला फोटो माणसाएवढा करून लावला होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ओल्या मातीची आठवण, जुन्या लाकडाचा आधार आणि धाडस. एका स्पष्टवक्त्या रसिकाचं मत.' समितीचे चिटणीस माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फलक वाचला, माझ्याकडे बघितलं आणि फलक पुन्हा वाचला. तेवढ्यात थोरल्यांनी मला खांद्याला धरून पुढे ओढलं आणि माइकवर जाहीर केलं, की पहिला घोट परीक्षकांचा.

मी प्यायलो. ते काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. भांडं करपल्यावर आपण त्यात पाणी घालून ठेवतो, आणि दोन दिवसांनी ते पाणी ओतायला जातो, तेव्हा जो वास येतो तो प्यायल्यासारखं वाटलं. आजूबाजूला दुकानदार माझ्याबरोबर प्याले होते. कुणी थुंकलं नाही. एक म्हणाला, वेगळी आहे. दुसरा म्हणाला, हिला वेळ द्यावा लागतो. तिसऱ्याने फलकाकडे बघत 'माती येते खरी' असं म्हटलं. मात्र मागणी एकानेही नोंदवली नाही, पेले ठेवून सगळे हळूहळू सालीवाल्याकडे सरकू लागले. टपरीच्या मागच्या कोपऱ्यात खोक्यांच्या ढिगापाशी आमची मुलगी खाली मान घालून बसली होती. ती बाटल्यांवर लेबलं चिकटवत होती. लेबलावर माझंच वाक्य होतं.

व्याह्यांनी मला दंडाला धरून पडद्यामागे नेलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"व्याहीबुवा, तुम्हाला जीभ आहे की नाही?" ते म्हणाले. "मी धान्य मुद्दाम करपवलं होतं. कुणालाही विचारलं असतं तरी तो निळीच म्हणाला असता. थोरल्यांना सरळ सांगून पटत नाही, म्हणून हा सगळा घाट घातला. पोरीला भट्टी मिळावी म्हणून. आणि तुम्ही तिचे वडील."

माझ्या मुलीसाठी या माणसाने आपल्याकडे कमीपणा घेतला होता, आणि मी तिच्या भल्यासाठी तिला खोक्यांपाशी बसवलं होतं. थोरल्यांना खरं सांगायची सोय नाही, असं व्याही म्हणाले. करपवल्याचं कळलं तर ते दोघांनाही भट्टीच्या आसपास फिरकू देणार नाहीत. मला रडू येईल असं वाटलं, आणि मग स्वतःचाच इतका संताप आला, की मी पडदा बाजूला सारून थेट माइकपाशी गेलो.

मी सांगितलं, की फलकावरचं मत माझं नाही. मी दोन्हीपैकी एकही बाटली चाखली नव्हती. व्याह्यांचा मान राहावा म्हणून झाकणाच्या रंगावरून निवड केली. वर्णन दुसऱ्याकडून घेतलं. या बीअरची चव चांगली नाही आणि तिच्यातला दोष काय तो मला विचारू नये, कारण मला काही कळत नाही. प्राध्यापक दोन माणसांच्या मागे सरकले. चिटणिसांनी मला जागच्या जागी विचारलं, की अध्यक्षांनी परवाना काढलाय हे खरं का. मी म्हटलं, खरं आहे, आणि त्यावर शिक्काही आहे. दुकानदार मात्र थांबले. सालीवाल्याकडे निघालेले काहीजण परतही आले, कारण मेळाव्यात खरं बोलणारा माणूस त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला होता.

थोरले लालबुंद झाले होते. पण इतक्या लोकांसमोर आता मागे फिरण्यात फायदा नाही एवढा धंदा त्यांना कळत होता. "निळी काढा," ते म्हणाले.

मुलगी उठली. हाताला चिकटलेलं लेबल तिने फ्रॉकच्या वयात पुसायची तसं ओढणीला पुसलं, बर्फाच्या पेटीतून राखीव म्हणून आणलेल्या तिच्या बाटल्या काढल्या आणि ओतायला सुरुवात केली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दुकानदारांनी घोट घेतला आणि कुणी काही बोललंच नाही. ना माती, ना लाकूड. पेले रिकामे झाले आणि पुन्हा पुढे आले, मग कुणीतरी थोरल्यांना बाजूला घेऊन महिन्याला किती खोकी देता येतील ते विचारलं. निवृत्त पोलीस रांगेत दुसऱ्यांदा उभे होते.

गर्दी जरा ओसरल्यावर मुलगी माझ्यासमोर आली. एक पेला माझ्या हातात दिला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. "कशी आहे?" तिने विचारलं. व्याही मागे उभे होते, थोरले होते, ही होती. माझ्या तोंडात 'छान' हा शब्द तयार होता. आयुष्यभर तो तिथे तयारच असतो. मी एक घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

"कडू आहे," मी म्हणालो. "मला नाही आवडली."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने सासऱ्यांना हाक मारली. "पप्पा, ऐकलंत का? बाबांनी खरंच चाखली."